कळवळा पुरेसा आहे काय?

पावसाळ्यात नदीने पात्र सोडले की गावाला पहिली आठवण होते ती जिल्हा परिषदेच्या शाळेची. उंचावरची, पक्की आणि सर्वांची म्हणता येईल अशी तेवढी एकच इमारत असते. दुपारपर्यंत ज्या वर्गात पाढे म्हटले गेले, तेथे रात्री दोन-अडीचशे माणसे पथाऱ्या टाकतात. मुख्याध्यापक त्या रात्रीपुरते छावणीप्रमुख होतात. तलाठी, ग्रामसेवक आणि तहसील कचेरीतले कारकून मदतकार्याची सूत्रे हाती घेतात. महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले स्वयंसेवक म्हणून धावून येतात. या साऱ्यांच्या ठायी सद्भावना उदंड असते. परंतु अडीचशे माणसांना शौचालये किती लागतात, पिण्याच्या पाण्याचे माप काय धरावे, एखाद्या मुलाला जुलाब सुरू झाले तर पहिल्या तासात काय करावे, एकट्यादुकट्या बाईची झोपण्याची सोय कोठे असावी, हे त्यांना बहुधा कोणी कधी सांगितलेले नसते. काही चुकले तर त्याचा जाबही कोणी विचारीत नाही. ‘बिचाऱ्यांनी एवढे केले हेच पुष्कळ’, असे म्हणून आपण विषय संपवितो.

‘एवढे केले हेच पुष्कळ’ ही वृत्ती वरकरणी उदार दिसते. बुडत्याला हात देणाऱ्याकडे दाखला मागू नये, हे खरेच आहे. परंतु इतर व्यवहारात आपण इतके उदार नसतो. विजेच्या खांबावर चढणाऱ्याला परवाना लागतो, औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला पदविका लागते, पहिलीच्या वर्गाला शिकविणाऱ्यालाही अध्यापनाची पदविका लागते. मात्र हजारो माणसांचे अन्न, पाणी, निवारा आणि औषधपाणी ज्यांच्या हाती एका रात्रीत जाते, त्यांच्यासाठी सर्वमान्य अशी पात्रता जगात कोठेही ठरलेली नाही. आता मदतकार्य हा निव्वळ शेजारधर्मही उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संघटना यांच्यामार्फत लाखो माणसे हे काम पगार घेऊन करीत आहेत, आणि त्यावर दरवर्षी अब्जावधी डॉलर खर्च होत आहेत. तेव्हा या माणसांची पात्रता कोणी ठरवावी, ती तपासावी कशी, आणि तपासणीच्या नावाखाली माणुसकीचे दार तर बंद होणार नाही ना, या प्रश्नांचा विचार आता टाळता येण्यासारखा नाही.

एक पौंड धान्याचा वाद

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. त्याची एक मुळी आपल्याच भूमीत सापडते. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास आणि मुंबई इलाख्यांत भयंकर दुष्काळ पडला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेम्पल यांनी काटकसरीच्या नावाखाली दुष्काळी कामांवरील मजुरी उतरविली. दिवसभर खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे त्यांचे गणित होते. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्याला शास्त्रीय आधारावर कडाडून विरोध केला. एवढ्या अन्नावर कष्ट करणारा माणूस जगू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे छावण्यांतील मृत्यूंनीच सिद्ध केले. आपल्याकडे हजारो मजुरांनी ही कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. माणसाला किमान किती द्यावे, आणि ते कोणी व कोणत्या आधारावर ठरवावे, हा आजच्या मदतकार्यातला कळीचा प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच दख्खनच्या माळावर विचारला गेला होता.

त्यातून १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि १८८३ साली दुष्काळसंहितेचा नमुना तयार झाला. टंचाईची चिन्हे कोणती, काम केव्हा काढावे, मजुरी धान्याच्या भावाशी कशी जोडावी, ज्यांना काम झेपत नाही त्यांना काय द्यावे, आणि जिल्हाधिकाऱ्यापासून गावकामगारापर्यंत कोणाचे कर्तव्य काय, हे सारे त्या परंपरेत लिहून काढले गेले. ती संहिता कंजूष होती, परक्या सत्तेची होती. ती हाताशी असूनही १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांत लाखो माणसे मेली. नियम कागदावर असणे आणि ते पाळण्याची इच्छा असणे या भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्यातून घ्यावा. परंतु मदत देणाऱ्याचे कर्तव्य लेखी असावे, म्हणजे ते मोजता येते, हे तत्त्व मात्र टिकले. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातून महाराष्ट्राने त्याला हक्काचे रूप दिले.

बनगाव आणि गोमा

मदतकार्यातले ज्ञान आणि अज्ञान यांच्यात किती अंतर असते, हे दोन छावण्यांची हकिकत शेजारी ठेवली म्हणजे कळते.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे पटकीची साथ उसळली. रुग्णालयाच्या जमिनीवर माणसे स्वतःच्याच घाणीत पडली होती, आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत चालले होते. तेथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक धाडसी निर्णय घेतला. ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रण कोलकात्यात पुड्या बांधून आणविले, ते पिंपांतील पाण्यात कालविले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. रुग्ण पिऊ शकेल तितके त्याला पाजत राहा, एवढीच सूचना होती. तोवर छावण्यांमध्ये शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालील सुमारे ३,७०० रुग्णांत हे प्रमाण चारांहूनही खाली आले. आज घरोघरी ठाऊक असलेल्या जलसंजीवनीचे सामर्थ्य जगाला पटविणाऱ्या घटनांत बनगावचे स्थान फार वरचे आहे.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, जुलै १९९४ मध्ये, रुआंडातील वंशसंहारानंतर पाच ते आठ लाख निर्वासित अवघ्या काही दिवसांत सीमा ओलांडून झाईरमधील गोमा या गावाभोवती जमले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, त्यामुळे शौचखड्डे खणता येईनात आणि थडगीही खणता येईनात. पाणी किवू सरोवराचे. पटकी आणि हगवण यांनी पहिल्या महिन्यातच जवळजवळ पन्नास हजार बळी घेतले. दूरचित्रवाणीने हे दृश्य जगभर नेले, आणि मदत संस्थांची रीघ लागली. पैसा आला, विमाने आली, उत्साही तरुण आले. तरीही माणसे मरत राहिली. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातून तेथे गेलेल्या बांगलादेशी तज्ज्ञांनी पुढे एका वैद्यकीय नियतकालिकात याची कारणमीमांसा केली. एका तात्पुरत्या उपचारकेंद्रात एका दिवशी शंभरातले अठ्ठेचाळीस रुग्ण दगावले होते. शरीरातले पाणी भरून काढण्याचा वेग अपुरा होता, तोंडाने द्यावयाच्या जलसंजीवनीचा वापर तोकडा होता, शिरेतून दिलेले द्रव योग्य नव्हते, आणि गंभीर पटकीचा रुग्ण हाताळण्याचा अनुभव आरोग्यसेवकांना पुरेसा नव्हता.

हे निदान अस्वस्थ करणारे आहे. बनगावला जे साधन ताकाच्या पेल्याइतक्या सहजतेने आयाबायांच्या हाती देण्यात आले होते, ते गोम्यात साऱ्या जगाची मदत हजर असताना पुरेसे वापरले गेले नाही. मधल्या तेवीस वर्षांत ज्ञान वाढले होते, नाहीसे झाले नव्हते. ज्यांना ते ठाऊक होते आणि ज्यांच्या हाती रुग्ण होते, ती माणसे निराळी होती, एवढेच. गोम्यातल्या कार्यकर्त्यांच्या कळवळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो नसता तर ते तेथे गेलेच नसते. परंतु कळवळा हा कामावर निघण्याला पुरतो, काम करण्याला पुरत नाही, ही गोष्ट त्या थडग्यांनी कायमची सांगून ठेवली आहे.

पाण्याचे माप, माणसाचे माप

रुआंडाच्या मदतकार्याचे अनेक देशांनी मिळून केलेले परीक्षण १९९६ साली प्रसिद्ध झाले. संस्थांनी स्वतःवर निर्बंध घालून घ्यावेत, नाहीतर त्यांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था निर्माण करावी, असे दोन मार्ग त्यात सुचविले होते. संस्थांनी पहिला मार्ग पत्करला. रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची दहा कलमी आचारसंहिता १९९४ सालीच तयार झाली होती. गरज हाच निकष मानावा, जात-धर्म-वंश पाहू नये, मदत घेणारे आणि मदतीसाठी पैसा देणारे अशा दोघांनाही आपण जबाबदार आहोत असे समजावे, आणि प्रचारात आपद्ग्रस्तांचे चित्रण दीनवाणे जीव म्हणून न करता मानी माणसे म्हणून करावे, ही त्यातली काही कलमे. त्यापाठोपाठ १९९७ साली ‘स्फिअर’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या हस्तपुस्तिकेने मदतीची किमान मापे लिहून काढली. ती पुस्तिका पुढे अनेकदा सुधारली गेली; तिची २०१८ ची आवृत्ती आज जगभर प्रमाण मानली जाते.

ही मापे साधी आहेत. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसे, आणि पाण्याची जागा राहत्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत. स्थिरावलेल्या छावणीत वीस माणसांमागे एक शौचालय, आणि पुरुषांसाठी एक असेल तर स्त्रियांसाठी तीन. माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा. आहार सुमारे २,१०० उष्मांकांचा. टेम्पलसाहेबांच्या एक पौंडाशी हे आकडे ताडून पाहिले, म्हणजे दीड शतकात माणुसकीचे माप कोठून कोठे आले ते दिसते. टेम्पलसाहेबांचे माप सरकारच्या तिजोरीकडे पाहून ठरले होते. स्फिअरचे माप आपद्ग्रस्तालाही मानाने जगण्याचा हक्क आहे, या गृहीतावर उभे आहे.

परंतु वस्तूंचे माप ठरले म्हणून माणसांचे माप ठरत नाही. मराठी वाचकाला याचा दाखला दूर शोधायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसर भूकंपाने हादरला आणि सुमारे दहा हजार माणसे गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते यांनीच बहुतेकांचा प्राण घेतला. पुढे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली गेली. त्या दृष्टीने माप पुरे झाले. मात्र नगररचनेच्या पुस्तकातून उचललेल्या सरळ रुंद रस्त्यांवर ठरावीक आकाराची घरे उभी राहिली, तेव्हा त्यांत बैल कोठे बांधावा, कडबा कोठे रचावा, कुंभाराने चाक कोठे मांडावे आणि म्हाताऱ्यांनी कोणत्या पारावर बसावे, याचा विचार अनेक ठिकाणी राहूनच गेला. ज्या गावांत लोकांना आधी विचारण्यात आले, तेथे घडी लवकर बसली. सिमेंटचे प्रमाण जाणणारा अभियंता पुनर्वसनाला हवाच. परंतु गावाला प्रश्न विचारण्याचे आणि उत्तर ऐकून घेण्याचे कौशल्य हीदेखील एक विद्या आहे, आणि तीही शिकावी लागते.

हीच जाणीव २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मूलभूत मानवतावादी मानकात दिसते. त्याची सुधारित आवृत्ती २०२४ साली निघाली. मदतीत लोकांचा सहभाग असावा, तक्रार निर्भयपणे करता यावी, मदतीमुळेच कोणाला इजा होऊ नये, कार्यकर्त्यांना प्रशिक्षण आणि आधार मिळावा, अशी नऊ अभिवचने त्यात आहेत, आणि एखादी संस्था ती पाळते की नाही याची त्रयस्थ तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली आहे. मात्र हे प्रमाणपत्र संस्थेचे असते, कार्यकर्त्याचे नसते. आणि ते घेण्याची सक्तीही नाही. २००४ च्या त्सुनामीनंतरच्या संयुक्त परीक्षणानेही प्रमाणीकरणाची शिफारस केली होती. ती स्वेच्छेवरच राहिली.

जेथे काम नेमके आणि मोजता येण्यासारखे आहे, तेथे मात्र पाऊल पुढे पडले आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा परदेशांतून वैद्यकीय पथकांचा लोंढा लोटला. त्यांतल्या काहींच्या कौशल्याविषयी, घाईने झालेल्या अवयवच्छेदांविषयी आणि न ठेवलेल्या नोंदींविषयी गंभीर प्रश्न उपस्थित झाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा पथकांच्या तीन श्रेणी ठरविल्या. कोणत्या श्रेणीच्या पथकाने रोज किमान किती रुग्ण तपासले पाहिजेत, शस्त्रक्रियेची सोय कोणती हवी, स्वतःचे अन्नपाणी, वीज आणि औषधे बरोबर कशी आणावीत, हे तेथे स्पष्ट लिहिले आहे. ढिगाऱ्याखालून माणसे काढणाऱ्या पथकांचीही अशीच आंतरराष्ट्रीय वर्गवारी होते. म्हणजे प्रमाणीकरण अशक्य आहे, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

आक्षेपांचा विचार

तरीही या कल्पनेवर घेतले जाणारे आक्षेप वजनदार आहेत, आणि त्यांची उत्तरे दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, आपत्तीत पहिला हात शेजाऱ्याचाच असतो. किल्लारीच्या ढिगाऱ्यांतून पहिली माणसे बाहेर काढली ती गावकऱ्यांनीच. लष्कर नंतर आले. त्यांना दाखला विचारणारा माणूस शहाणा ठरणार नाही. हे पूर्णपणे मान्य केले पाहिजे. परंतु शेजाऱ्याला दाखला नको, याचा अर्थ त्याला शिकवणही नको असा होत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि दहाहून अधिक माणसे बुडाली. होडीत तिच्या क्षमतेहून अधिक माणसे होती. त्या प्रसंगी होडी लोटणाऱ्यांना दोष देण्याइतके निर्दय कोणी होऊ नये. पाणी चढत असताना मागे राहिलेल्याला ‘तू थांब’ म्हणणे सोपे नसते. पण होडीत किती जणांनी बसावे आणि जीवरक्षक जाकिटे किती असावीत, हे पूर येण्याआधीच ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असते, तर ते कठीण वाक्य उच्चारण्याचे बळ कोणाला तरी आले असते. नियम अशा वेळी माणसाला आधार देतो.

दुसरा आक्षेप प्रमाणपत्रांच्या बाजाराचा. आपल्या देशात कोणत्याही कागदाला किंमत आली की त्याच्या शिकवण्या निघतात, मार्गदर्शिका निघतात, आणि शेवटी कागद उरतो व विद्या जाते. शिवाय अशा परीक्षा इंग्रजीत आणि जबर शुल्काच्या असल्या, तर परदेशी विद्यापीठाची पदविका घेतलेला तरुण साहेब होईल आणि ज्या बाईने वीस वर्षे आपल्या तालुक्यातली दुष्काळी कामे पाहिली ती त्याची दुभाषी होईल. ही भीती काल्पनिक नाही. २०१६ साली मोठ्या देणगीदारांनी निधीचा चौथा हिस्सा २०२० पर्यंत स्थानिक संस्थांकडे शक्य तितका थेट पोहोचविण्याचे ठरविले होते. ते साधले नाही. प्रमाणपत्र हे आणखी एक कुंपण ठरणार असेल, तर ते नसलेले बरे.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. कौशल्य तपासता येते, शील कसे तपासणार? ब्रिटनमधील एका नामांकित संस्थेच्या हैतीतील काही कर्मचाऱ्यांचे लैंगिक गैरवर्तन २०१८ साली उजेडात आले, तेव्हा ती माणसे अननुभवी होती असे कोणी म्हटले नाही. त्याहूनही बोलके उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँड यांच्या समितीने जे केले, त्याला तेव्हाच्या आरोग्यशास्त्राचा आधार होता. रुग्ण शोधावेत, वेगळे ठेवावेत, घरे शुद्ध करावीत, हे तत्त्व चुकीचे नव्हते. पण ते सोजिरांच्या बुटांनी देवघरांत आणि माजघरांत शिरले. ज्या लोकांना वाचवायचे, त्यांनाच ते रोगापेक्षा भयंकर वाटले. त्याचा शेवट त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री काय झाला, हे सांगायला नको. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या, आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकीकडे नियम होता पण आदर नव्हता. दुसरीकडे आदर आणि वैद्यक एकत्र नांदत होते. कमी पडली ती त्यांना सुरक्षित ठेवणारी व्यवस्था.

या आक्षेपांतून प्रमाणीकरण नको असा निष्कर्ष निघत नाही. ते कसे असावे, याचा मात्र नकाशा निघतो. शीलाची परीक्षा प्रवेशाच्या वेळी घेता येत नसली, तरी तक्रारीची वाट उघडी ठेवता येते, आणि एका संस्थेतून काढलेला माणूस दुसरीत निमूटपणे शिरणार नाही हे पाहता येते. २०१९ पासून अनेक आंतरराष्ट्रीय संस्था नव्या उमेदवाराच्या जुन्या मालकाकडे गैरवर्तनाची चौकशी करू लागल्या आहेत. ज्या व्यवसायात परवाना असतो त्यात तो काढूनही घेता येतो, आणि परवान्याचा खरा उपयोग बहुधा तेथेच असतो. प्रशिक्षण कार्यकर्त्याचेही रक्षण करते. २०२४ या एका वर्षात जगभर साडेतीनशेहून अधिक मदतकार्यकर्ते मारले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य आपल्याच देशात काम करणारे होते. त्यांना धोक्याच्या जागी पाठविणाऱ्या संस्थांनी त्यांच्या सुरक्षिततेची, शिक्षणाची आणि विम्याची किमान जबाबदारी घेतली होती की नाही, हेही मानकाच्याच कक्षेत यावे.

पायऱ्या कशा असाव्यात

आमच्या मते पात्रतेची अट जबाबदारीच्या प्रमाणात चढत जावी. शेजारधर्माने धावणाऱ्याला कोणतीही अट नको. त्याला शिक्षण मात्र मिळावे. केंद्र सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत २०२१ पासून साडेतीनशे जिल्ह्यांतील एक लाख स्वयंसेवकांना तयार करण्याचे ठरले, ते याच दिशेचे पाऊल होते. बाहेरगावाहून जाणाऱ्या स्वयंसेवकाला निघण्यापूर्वी थोडक्यात पण सक्तीची शिकवण असावी: काय न्यावे, काय नेऊ नये, कोणाच्या हाताखाली काम करावे, कोणाचे छायाचित्र घेऊ नये. जो पगार घेतो आणि इतरांच्या जिवाविषयी निर्णय करतो, त्याची पात्रता मात्र तपासलीच पाहिजे. ती लेखी परीक्षेने तपासण्यापेक्षा प्रत्यक्ष कामाच्या नोंदीवरून, अनुभवी सहकाऱ्यांच्या मूल्यमापनातून आणि ज्यांना मदत मिळाली त्यांच्या अभिप्रायातून तपासावी. ती मराठीतही देता यावी, तिचे शुल्क संस्थेने भरावे, ती ठरावीक वर्षांनी नवी करावी लागावी. आणि या सर्वांच्या वर, जी संस्था लोकांकडून पैसा गोळा करते तिने आपला हिशेब आणि आपली तपासणी लोकांपुढे मांडावी.

यातले बरेचसे काम दिल्ली किंवा जिनिव्हा करील, असे म्हणून आपण स्वस्थ बसू शकतो. परंतु प्रस्तुत लेखाचा वाचक स्वतःच बहुधा पुढच्या पुरातला छावणीप्रमुख, पंचनामा लिहिणारा कारकून किंवा शिधा वाटणारा विद्यार्थी असणार आहे. त्याला प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. माणशी पाणी किती, शौचालये किती आणि कोणासाठी, जलसंजीवनी कशी करावी, होडीत किती जणांनी बसावे, तक्रार कोणाकडे करावी, अशा पाच-सहा ओळी एका मोठ्या कागदावर लिहून शाळेच्या भिंतीवर मृगापूर्वी लावता येतील. मुलांना त्या पाठ होतील. घरी गेल्यावर ती आईबापांनाही सांगतील.

बनगावच्या त्या खोल्यांत पेला धरून बसलेल्या बाईकडे कोणताही दाखला नव्हता. पण तिच्या पेल्यात काय आहे आणि ते किती द्यायचे, हे कोणीतरी आधी काळजीपूर्वक मोजले होते, आणि तिला समजेल अशा शब्दांत सांगितले होते. मदतकार्याच्या मानकाची याहून मोठी अपेक्षा ठेवण्याची गरज नाही, आणि याहून कमी अपेक्षेवर समाधान मानण्याचा अधिकारही आपल्याला नाही.